बसा, म्हणजे खेळ सुरू होईल!

मित्रांनो, बसून काय काय करता येतं याची यादी करायला सांगितली तर आपलं होस्टेल पहिलं बक्षीस नेईल. जर्नल कॉपी करणं, कट्ट्यावर गप्पा, मेसच्या भाजीची पोस्टमॉर्टम, सगळं बसूनच. पण व्हॉलीबॉल? बसून? बहुतेक जण हसतील. म्हणूनच हा लेख.

सिटिंग व्हॉलीबॉल हा खेळ 1956 साली नेदरलँड्समध्ये जन्माला आला. 1980 पासून तो पॅरालिम्पिकमध्ये पदकाचा खेळ आहे, महिलांसाठी 2004 पासून. कोर्ट 10 बाय 6 मीटर. नेट पुरुषांसाठी 1.15 मीटर आणि महिलांसाठी 1.05 मीटर उंचीवर. सहा विरुद्ध सहा, 25 पॉइंटचा सेट, सगळं नेहमीसारखंच. मुख्य नियम एकच, बॉल मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही. सर्व्हिससुद्धा ब्लॉक करता येते. गंमत अशी की इथे हातांनाच पायांचंही काम करावं लागतं. हातांच्या रेट्याने सरकायचं, आणि बॉल येईपर्यंत तेच हात वर हवेत. ज्याला हा 'आरामाचा खेळ' वाटतो त्याने दहा मिनिटं खेळून पाहावं, दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला पेन धरता आलं तर मला सांगा.

या खेळात माणूस पोचतो कसा? इराणच्या मोर्तझा मेहरजादचं उदाहरण घ्या. उंची 2 मीटर 46 सेंटीमीटर. शाळकरी वयात सायकलचा अपघात झाला, कमरेच्या हाडाला मार बसला आणि उजव्या पायाची वाढ थांबली. लोकांच्या नजरा चुकवत हा मुलगा घरात बसून राहायला लागला. 2011 साली तो टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात दिसला आणि इराणच्या कोचने त्याला हेरलं. पुढे रिओ 2016, टोकियो 2020 आणि पॅरिस 2024 अशी तीन पॅरालिम्पिक सुवर्णपदकं! पॅरिसच्या क्रीडाग्रामात त्याच्या मापाचा पलंग नव्हता म्हणून तो जमिनीवर झोपला, हेही त्याच्या कोचनेच सांगितलं.

आता कुणी म्हणेल, एवढी उंची असल्यावर काय! पण उंच माणसं सगळीकडे असतात. टीव्हीवर दिसलेल्या मुलाला न्यायला तिथे आधीपासून संघ उभा होता, ही खरी गोष्ट आहे. इराण 1988 पासून या खेळात सुवर्णपदकं मिळवतंय. त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी बोस्निया. तिथे 1990 च्या दशकातल्या युद्धात पाय गमावलेल्यांनी हा खेळ उभा केला. लंडनच्या मार्टिन राइटचे दोन्ही पाय 7 जुलै 2005 च्या रेल्वे बॉम्बस्फोटात गेले आणि 2012 मध्ये त्या ब्रिटनच्या सिटिंग व्हॉलीबॉल संघातून पॅरालिम्पिक खेळल्या. पदक मिळालं नाही. पण जायला एक संघ होता.

आपल्याकडे नेमकं हेच नाही. महाराष्ट्राला जिद्दीची कमी कधीच नव्हती. सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या झेलून आले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन परतले. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. त्याच जिल्ह्याचा सचिन खिलारी, आपल्यासारखाच इंजिनिअरिंग केलेला, पॅरिसला 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक जिंकला. 2024 मध्ये भारताने 29 पदकं आणली. पण सिटिंग व्हॉलीबॉलच्या कोर्टवर आपला संघच नव्हता. एकटा माणूस जिद्दीने पोहू शकतो, गोळा फेकू शकतो. व्हॉलीबॉल मात्र एकट्याने खेळता येत नाही. पास द्यायला कुणीतरी लागतं!

हा 'कुणीतरी' कोण? माझं स्पष्ट मत आहे, आपण.

आपण राहतो नेऱ्याच्या परिसरात. इथलं शांतिवन माहीत नाही असा माणूस नसेल. कुष्ठरोगाने हातापायांची संवेदना जाते, जखम कळत नाही, कधी पाऊलही गमवावं लागतं. अशा माणसांना नुसती दया न दाखवता त्यांच्या पुनर्वसनासाठी उभी राहिलेली ही जागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्तांनाही यादीत घेतलंय. त्याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा ठेवल्यात आणि खेळाच्या सोयीही करायला सांगितल्यात. जागा भरल्या जातात. पण स्पोर्ट्स वीक आला की कॅलिपर घालणाऱ्या मुलाला आपण काय देतो? स्कोअरशीट आणि पेन. फार तर शिट्टी.

"अरे, पण तसे सहा जण आहेत कुठे?" हा प्रश्न मलाही विचारला गेलाय. उत्तर सोपं आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यात अपंगत्वाचं वर्गीकरण लागतं, होस्टेलच्या मॅचला लागत नाही. एक जण आहे ना? बाकीच्या अकरा जणांनी खाली बसायचं. मग बघा, तो तुमच्या पातळीवर येण्याचा प्रश्न उरत नाही. उलट कॅलिपर काढून ठेवून हातांवर सरकायची सवय असेल तर तोच तुम्हाला पळवेल. खऱ्या अर्थाने बसल्या जागी!

खर्च? इंजिनिअर आहात, हिशोब करा. बॅडमिंटन कोर्टची रुंदी 6.1 मीटर, या खेळाला लागते 6. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस लाइन नेटपासून 1.98 मीटरवर, इथली अटॅक लाइन 2 मीटरवर. बॅडमिंटनचं नेट 76 सेंटीमीटर रुंद, इथलं 80. म्हणजे जिमखान्यातल्या हॉलमध्ये कोर्ट जवळजवळ आखून तयार आहे. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे 5 मीटरवर टेप चिकटवायची, नेट साधारण 40 सेंटीमीटर खाली बांधायचं, फरशी झाडून घ्यायची. झालं. मेसच्या एका फीस्टएवढाही खर्च नाही.

अडचणी आहेत. हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर आधी तिथवर पोचायचा मार्ग हवा. रॅम्प नसेल तर तो सिव्हिलवाल्यांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून घ्यावा, इतकं उपयोगी सबमिशन दुसरं नसेल. कातडी सोलवटू नये म्हणून जाड पँट हवी. ज्यांच्या पायांना संवेदना नाही त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

जिमखाना सचिवांना आणि रेक्टर सरांना एकच विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ हॉल द्या आणि येत्या स्पोर्ट्स वीकच्या नोटीसमध्ये या खेळाचं नाव येऊ द्या. त्यातून उद्या पॅरालिम्पिकपटू घडेल असं मी म्हणत नाही. पण पुढच्या जूनमध्ये फर्स्ट इयरला कुणी मुलगा किंवा मुलगी कुबडी घेऊन आली आणि तिने नोटीस बोर्ड वाचला, तर तिला स्कोअरशीटच्या आधी संघात जागा दिसली पाहिजे. बाकी सगळं नंतर.