पाहावें, पण जपून
बेलफास्टहून निघणारी एका दिवसाची सहल उत्तर आयर्लंडचा समुद्रकिनारा दाखविते. तेथील ‘जायंट्स कॉजवे’चे सुमारें ४०,००० पाषाणस्तंभ सहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचे आहेत. तरी पुष्कळांची ओढ ‘डार्क हेजेस’च्या वृक्षराजीकडे, कारण ‘गेम ऑफ थ्रोन्स’ (२०११-१९) या मालिकेंत ती क्षणभर दिसली! १७७५ च्या सुमारास लाविलेले हे बीचवृक्ष आतां जराजर्जर झाले आहेत. २०१७ सालीं त्या रस्त्यावर वाहनांस बंदी करावी लागली. २०२३ सालीं सहा झाडें तोडण्याचें ठरलें. कल्पित कथेनें खऱ्या वस्तूकडे लक्ष वेधिलें, हें बरेंच झालें. मात्र मुलांकडे विलायतेस जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं, घरांतील वृद्धांस भेटावें तसें या वृक्षांस भेटावें : पायीं, हलकेंच, आणि आपला भार न होऊं देतां.