‘ती त्यांची अंतर्गत बाब आहे’

२७ मार्च २०२१. ब्रह्मदेशाची, म्हणजे आजच्या म्यानमारची राजधानी नेप्यिडॉ. सैन्याने लोकनियुक्त सरकार उलथवून अजून दोन महिनेही झाले नव्हते. त्या दिवशी सशस्त्र दल दिनाचे संचलन होते आणि त्याच दिवशी त्याच सैन्याने देशभर शंभराहून अधिक नागरिक गोळ्या घालून मारले. त्यात लहान मुले होती. बहुतेक देशांनी त्या संचलनाकडे पाठ फिरवली. आठ देशांचे प्रतिनिधी मात्र मांडवात बसले होते : रशिया, चीन, पाकिस्तान, बांगलादेश, व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि आठवा आपला भारत.

जगातली सर्वात मोठी लोकशाही म्हणून आपण छाती फुगवतो ना? तीच लोकशाही तिथे पाहुणी म्हणून बसली होती.

आपल्या परराष्ट्र खात्याने ‘चिंता’ व्यक्त केली होती, हे मान्य. पण त्याच वर्षी १८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या सत्तापालटाचा निषेध करणारा ठराव ११९ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत होता. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत पुन्हा तेच. बारा देश ठरावाच्या बाजूने, तटस्थ तिघे : चीन, रशिया आणि भारत. ही नुसती सध्याच्या सरकारची करणी आहे असेही कुणी समजू नये. नोव्हेंबर १९५६ मध्ये हंगेरीची जनता सोव्हिएत रणगाड्यांखाली चिरडली जात होती, तेव्हा तिथे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या म्हणणाऱ्या ठरावाविरुद्ध नेहरूंच्या भारताने सोव्हिएत गटाबरोबर मत दिले होते. पक्ष बदलतात, खाते तेच राहते आणि त्या खात्याचे आवडते वाक्यही तेच राहते : ती त्यांची अंतर्गत बाब आहे.

हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे की नाही, सांगा बरे. पाणवठ्यावर मारहाण झाली, वस्ती जाळली, बहिष्कार टाकला आणि बाहेरून कार्यकर्ते आले की गावातले प्रतिष्ठित काय म्हणतात? ‘हा आमच्या गावचा प्रश्न आहे, आमचे आम्ही बघू, बाहेरच्यांनी यात पडू नये.’ गाव करील ते राव काय करील! गावाचे हे सार्वभौमत्व कुणासाठी असते हे महारवाड्याला, मांगवाड्याला सांगावे लागत नाही. ज्याच्या हातात काठी, त्याच्यासाठी. मार खाणाऱ्यालाच बाहेरचा लागतो.

२००१ साली दरबानला वर्णद्वेषविरोधी जागतिक परिषद भरली. जातीचा प्रश्न तिथे मांडला जावा म्हणून दलित संघटना जीव तोडून झटल्या. भारत सरकारने तो अजेंड्यावर येऊ नये म्हणून तितकाच जोर लावला. युक्तिवाद काय होता? जात हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. म्हणजे जनरलांच्या बचावासाठी जे वाक्य वापरले जाते, तेच आपल्या तोंडावर हात ठेवण्यासाठी वापरले गेले. आणि बाबासाहेबांची भूमिका काय होती? १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांकडे नेत आहेत हे समजल्यावर त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाची प्रत मागितली आणि भारतातले अस्पृश्यही त्याच वाटेने जाण्याचा विचार करत आहेत, असे कळवले. बाबासाहेबांना अस्पृश्यता ही हिंदूंची घरगुती बाब वाटत नव्हती.

म्हणून ‘इथे आपल्यावर रोज अत्याचार होतात, ब्रह्मदेशाचे काय घेऊन बसलात’ असे आपल्यातलेच कुणी म्हणाले की मला राग कमी आणि नवल जास्त वाटते. कारण ब्रह्मदेशाचे आपल्यावर ऋण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील कुणी दिले? महास्थविर चंद्रमणी यांनी. ते कुशीनगरला राहत असले तरी जन्माने अराकानचे, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. त्याआधी १९५४ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते.

आता त्याच ब्रह्मदेशात काय काय घडले ते बघा. ऑगस्ट १९८८ मध्ये विद्यार्थी, कामगार, भिक्खू लाखोंनी रस्त्यावर आले, हजारोंचे बळी गेले. तेव्हा भारताने उघडपणे जनतेची बाजू घेतली होती हे विसरून चालणार नाही. आकाशवाणीची बर्मी सेवा लोकांच्या बाजूने बोलत होती, मणिपूर-मिझोराममध्ये पळून आलेल्या विद्यार्थ्यांना आश्रय मिळाला. १९९० च्या निवडणुकीत आंग सान स्यू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या आणि सैन्याने निकाल कचऱ्यात टाकला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच दिल्लीने वळण घेतले. जनरलांशी बोलणी, मग व्यापार, मग लष्करी मदत.

सप्टेंबर २००७ चा प्रसंग तर प्रत्येक बौद्धाने पाठ करावा असा आहे. इंधनाचे भाव वाढवल्यामुळे पेटलेल्या आंदोलनात हजारो भिक्खू मेत्त सुत्त म्हणत रस्त्याने निघाले. त्यांनी भिक्षापात्रे पालथी धरली होती. म्हणजे काय, तर सैन्याच्या माणसांकडून आम्ही दान घेणार नाही, त्यांना पुण्य मिळू देणार नाही. विनयात सांगितलेला हा बहिष्कार आहे. आपल्याला बहिष्कार ठाऊक आहे तो वरच्यांनी खालच्यांवर टाकलेला, इथे निःशस्त्र माणसांनी बंदूकवाल्यांवर टाकला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात भारताचे पेट्रोलियम मंत्री, आपल्या मुंबईचेच मुरली देवरा, ब्रह्मदेशात होते. खोल समुद्रातल्या वायूशोधाचे करार ओएनजीसी विदेशसाठी झाले. दोन-तीन दिवसांत गोळीबार सुरू झाला, विहारांवर छापे पडले. शांतीचा, बुद्धाचा देश म्हणून जगभर मिरवणाऱ्या भारताची ही तटस्थता!

शहाणे लोक सांगतात, परराष्ट्र धोरण भावनेवर चालत नाही, चीन आहे, ईशान्येतले बंडखोर आहेत, वास्तव बघा. बघू या वास्तव. ज्या श्वे वायूक्षेत्रात ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांची भागीदारी आहे, तिथला गॅस पाइपलाइनने चीनला जातो. कलादान प्रकल्पाचा करार २००८ चा, तो अजून रखडलेला आहे आणि त्या मार्गावरचे पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मीने सैन्याकडून जिंकून घेतले. म्हणजे ज्यांच्यासाठी जनतेला सोडले, त्यांच्या हातात तो रस्ताही उरला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आपण त्यांच्या नौदलाला ‘सिंधुवीर’ पाणबुडी दिली आणि चार महिन्यांत त्यांनी संसदेला कुलूप लावले. व्यवहारी माणसांचा हा व्यवहार.

आणि तत्त्वाचे म्हणाल तर हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व भारताने कायम पाळले असे कुठे आहे? दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध आपण १९४६ मध्येच व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तो त्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे असे तेव्हा तिथले गोरे सरकार म्हणत होते. १९७१ मध्ये पूर्व बंगालच्या लोकांसाठी आपण काय केले हे सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांनी ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत नेहरूंच्या पंचशीलाची चिरफाड केली, तीही याच अंगाने : माओचा पंचशीलावर विश्वास असता तर त्याने स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. सरकार आपल्या माणसांशी कसे वागते यावरून त्याची पारख करा, त्याच्या करारांवरून नव्हे, असा त्याचा अर्थ मी घेतो.

हीच पारख आपल्यालाही लावली पाहिजे. २०१७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पिटाळले. काही चीवरधारी त्या द्वेषाचे प्रचारक होते. २०१९ मध्ये स्वतः स्यू ची हेगच्या न्यायालयात सैन्याचा बचाव करायला गेल्या. आपल्यातले किती जण तेव्हा बोलले? ‘बौद्ध देशाची बदनामी नको’ म्हणून गप्प बसणारे मी पाहिले आहेत. काहींनी तर मनुवाद्यांचेच मेसेज पुढे पाठवले. पुढे २०२१ मध्ये त्याच बंदुका स्वतःवर वळल्यावर ब्रह्मदेशातल्या अनेक तरुणांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. तेवढे धाडस आपल्याला कधी होणार?

सरकार म्हणजेच लोकशाही नाही, हे मिझोरामने दाखवले. १० मार्च २०२१ ला केंद्रीय गृहखात्याने सीमेवरच्या चार राज्यांना कळवले की येणाऱ्यांना रोखा. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितले, हे आमचे रक्ताचे लोक आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. चर्च, यंग मिझो असोसिएशन, साधी गावे यांनी तीस हजारांहून अधिक माणसे सांभाळली. शेजारच्या मणिपूरमध्ये अन्न-निवारा देऊ नका असे पत्रक निघाले, ओरड झाल्यावर ते मागे घ्यावे लागले. त्याच मणिपूरच्या उच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये आश्रयासाठी आलेल्या सात जणांना संरक्षण दिले आणि त्यासाठी संविधानाच्या २१ व्या कलमाचा आधार घेतला. त्या कलमात ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने तो विसरून घातलेला नव्हता.

आज सरकार १,६४३ किलोमीटरच्या त्या सीमेवर कुंपण घालायला निघाले आहे. चंद्रमणी कोवळ्या वयात अराकानातून इकडे आले, तेव्हा मध्ये सीमाच नव्हती. येत्या १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर त्यांच्या फोटोला हार घालताना विहारांच्या समित्यांनी एक ठराव करावा : निर्वासितांसाठी कायदा करा, आलेल्यांना सैन्याच्या हाती परत देऊ नका, त्या सैन्याला शस्त्रे देणे थांबवा. आणि ठरावात रोहिंग्यांचे नाव स्पष्ट लिहावे. माझ्या वस्तीतल्या विहारात मी तो मांडणार आहे. विरोध होईल, हे माहीत आहे.

जयभीम.