पत्ता मिळाला, घराचे काय?

बेघर माणसाला घर दिले की तो बेघर राहत नाही, हे विधान इतके सरळ वाटते की त्यावर वाद घालणारा विक्षिप्तच ठरावा. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माझ्यासारख्याला तर ते चटकन पटते. आमच्या व्यवसायात माणसाचे अस्तित्व पत्त्यापासून सुरू होते. रेशनकार्ड, वीजबिल, भाडेपावती यांपैकी काहीतरी टेबलावर आले की अर्ज पुढे सरकतो. पत्ता असलेला तो खातेदार. नसलेला रांगेतून बाजूला. पण पत्ता आणि घर या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही, हे आज जगात सर्वांत स्पष्टपणे कुठे दिसत असेल तर ते कॅनडात. त्याविषयी आपणही थोडा विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

कॅनडाच्या लोकसंख्येत तिथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणजे फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इन्युइट या समाजांचे प्रमाण २०२१ च्या जनगणनेनुसार शेकडा पाच आहे. व्हँकुव्हर महानगरात तर ते शेकडा तीनही नाही. परंतु त्याच महानगरात २०२३ साली झालेल्या बेघरांच्या मोजणीत सुमारे एकतृतीयांश माणसे मूळ रहिवासी निघाली. ज्यांची भूमी, तेच तिच्या फुटपाथवर! हे प्रमाण पाहून कुणी आळस, दारू, व्यसन अशी कारणे सांगू लागला तर त्याने इतिहासाचे पान उलटावे.

त्या पानावर १८७६ चा 'इंडियन अॅक्ट' आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या समाजांचा पॉटलॅच हा दानाचा आणि मेजवानीचा सोहळा १८८५ पासून १९५१ पर्यंत गुन्हा होता, हे त्याच पानावर आहे. आणि सरकारच्या पैशाने, बहुतांशी चर्चच्या व्यवस्थापनाखाली चाललेल्या निवासी शाळा आहेत. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. घरापासून तोडलेली, मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेली. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चे दशक उजाडावे लागले. २००८ साली पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत माफी मागितली. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये या साऱ्याला सांस्कृतिक वंशसंहार असे नाव दिले. म्हणजे बेघर होण्याआधी या माणसांना रीतसर, कायद्याने, घरातून उचलण्यात आले होते.

आता उपायांकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी एक उलटा क्रम मांडला. आधी व्यसन सोडा, औषधे घ्या, मग घर देऊ, असे म्हणण्याऐवजी आधी घर द्या, बाकीचे मागाहून पाहू. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक माणसांवर हा क्रम तपासला. दोन वर्षांत, ज्यांना आधी घर मिळाले त्यांनी आपला ७३ टक्के काळ स्थिर निवासात काढला. नेहमीच्या व्यवस्थेतल्यांनी ३२ टक्के. रुग्णालये आणि तुरुंग यांवर ज्यांच्यासाठी सर्वांत जास्त खर्च होई, अशा वरच्या दहा टक्के माणसांच्या बाबतीत घरावर घातलेल्या दर दहा डॉलरमागे एकवीस डॉलरहून अधिक वाचले. असे कर्ज-प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी त्याच दिवशी मंजुरीची शिफारस केली असती.

या विचारातून आधारयुक्त निवासाच्या इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येकाला लहानशी खोली, खाली चोवीस तास कर्मचारी, भाडे सरकारी मदतीतल्या निवाऱ्याच्या हिश्श्याएवढे. ब्रिटिश कोलंबियात हा हिस्सा एकट्या माणसाला २००७ पासून महिना ३७५ डॉलर होता. २०२३ साली तो ५०० झाला. व्यवस्था चांगली, हेतूही चांगला. पण मूळ रहिवासी म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी ती इमारत पाहा. दारावर नोंदवही. पाहुणा आला तर त्याची ओळखपत्रासह नोंद. रात्री अमुक वाजता पाहुणा बाहेर. ठराविक दिवसांनी खोलीची तपासणी. जेवण ठरल्या वेळी. हे त्याने पूर्वी कुठे पाहिले आहे? वयाच्या सहाव्या वर्षी, त्या शाळेत.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो असताना हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या परिसरातली अशी एक इमारत पाहण्याचा योग आला. तिथे 'कल्चरल सपोर्ट वर्कर' या पदावर काम करणाऱ्या बाई भेटल्या. स्वतः मूळ रहिवासी समाजातल्या. तुमचे काम नेमके काय, असे मी विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "निम्मे काम धुराच्या घंटेशी भांडण्याचे." त्यांच्याकडे सेज किंवा स्वीटग्रास नावाच्या सुगंधी वनस्पती पेटवून तो धूर अंगावरून घेतात, मन शुद्ध करण्याचा तो विधी आहे. आपल्याकडे तिन्हीसांजेला ऊद फिरवतात तसाच प्रकार. पण इमारतीत धूम्रपानबंदी, छतावर धुराची घंटा. मग व्यवस्थापनाशी बोलून एक खोली, एक वेळ, हवा खेळती राहण्याची सोय ठरवायची. समाजातल्या ज्येष्ठांना बोलावायचे, त्यांच्या मानधनाची तजवीज करायची. कुणाची बहीण चाळीस वर्षांनी सापडली तर तिच्याशी फोन जोडून द्यायचा. शिकारीचे मांस कुणी प्रेमाने पाठवले, तर ते सार्वजनिक स्वयंपाकघरात नियमात कसे बसवायचे, हे पाहायचे. आणि मृत्यू. या प्रांतात विषारी अमली पदार्थांमुळे २०१६ साली सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर झाली. इमारतीत माणसे मरतात. दुसऱ्या दिवशी खोली पुढच्या माणसासाठी झाडून घेण्याची घाई असते. "त्या दोन्हींच्या मध्ये आम्ही बसून रडायला जागा करतो," बाई म्हणाल्या.

यातले कोणते काम चैनीचे आहे? तरीही अंदाजपत्रकात त्याला हक्काचे शीर्ष मिळणे कठीण असते. दुरुस्ती, सुरक्षा, परिचारिका यांच्या रकमा कायम. हे पद मात्र एखाद्या वार्षिक अनुदानावर लोंबकळते. बँकेत ज्या नोंदीची जागा कळत नाही ती आम्ही 'सस्पेन्स' खात्यात टाकत असू. संस्कृती नावाची नोंद अशीच तिथे पडून राहते, आणि वर्षअखेरीला कुणीतरी ती पुसून टाकतो. माझे म्हणणे एवढेच, की ती मुख्य खतावणीत आली पाहिजे. वर्षाच्या करारावरची बाई एका म्हाताऱ्याचा विश्वास कमावते आणि मार्चमध्ये जाते, तेव्हा त्याच्या आयुष्यातून आणखी एक माणूस सरकारी हुकमाने नाहीसा झालेला असतो.

आक्षेप आहेत, आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला, सरकारी पैशाने धार्मिक विधी का? उत्तर असे, की सरकारी पैशानेच तो पिढ्यानपिढ्या मोडून काढला. ज्याने मोडले त्याने भरपाई करणे हा दिवाणी न्यायाचा साधा नियम आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूळ रहिवासी हा काही एक समाज नाही. एकट्या फर्स्ट नेशन्सचीच संख्या सहाशेहून अधिक. स्वीटग्रास मैदानी मुलखातले, तर किनाऱ्यावरच्या माणसाला सीडर जवळचा. सगळ्यांना एकच ढोल आणि एकच धूर दिला, तर ती आपुलकीच्या वेषातली दुसरी निवासी शाळाच. शिवाय काहीजण मनापासून ख्रिस्ती आहेत, काहींना यातले काहीच नको असते. म्हणून हे काम सक्तीचे असता कामा नये, आणि त्याची सूत्रे त्या त्या समाजाच्या हाती हवीत. तिसरा आक्षेप हिशेबी आहे : धुपाने छप्पर मिळत नाही. खरे आहे. खोल्यांची टंचाई झाकण्यासाठी उद्‌घाटनाला ढोल वाजवणारे सरकार फसवेच. पण भिंतींचा आणि माणसांचा खर्च एकमेकांसमोर उभा करायचा कशाला?

संस्कृतीने माणूस जगतो, हे काव्य वाटत असेल तर मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद या मानसशास्त्रज्ञांचा १९९८ मधला अभ्यास पाहावा. ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे दोनशे फर्स्ट नेशन्स वस्त्यांत त्यांनी तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण तपासले. जिथे स्वशासन, जमिनीच्या हक्काचा लढा, स्वतःच्या हातातली शाळा आणि आरोग्यसेवा, सांस्कृतिक वास्तू अशा गोष्टी जितक्या अधिक, तिथे आत्महत्या तितक्या कमी. सहाही निकष असलेल्या वस्त्यांत त्या काळात एकही नाही. पुढे २०१७ साली जेसी थिसल या मेटी-क्री अभ्यासकाने मूळ रहिवाशांच्या बेघरपणाची व्याख्या मांडली. ते स्वतः रस्त्यावर राहिलेले. त्यांच्या मते हे बेघरपण केवळ छपराच्या अभावाने मोजता येत नाही. भूमी, आप्त, भाषा, ओळख यांच्याशी तुटलेले नाते हे त्याचे मूळ आहे.

हे वाचताना आपल्याकडे पाहायला लागतेच. कॅनडात 'इंडियन अॅक्ट' आला त्याच्या पाच वर्षे आधी, १८७१ साली, त्याच साम्राज्याने इथे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसे डांबली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि ती माणसे 'विमुक्त' म्हणवली गेली. त्यांना द्यायच्या गोष्टींच्या यादीत आपण घरकुल लिहिले, दाखला लिहिला. त्यांची भाषा, त्यांची गाणी, त्यांच्या पंचायतीतले शहाणपण यांसाठी कोणते शीर्ष उघडले? शहरी बेघरांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली लाखामागे एक निवारा बांधण्याचे आदेश दिले. निवाऱ्यांतल्या खाटा आपण मोजतो. खाटेवरचा माणूस कुठल्या गावचा, कुणाचा कोण, हे विचारणारा पगारी माणूस तिथे कोण आहे?

आणि आपल्याला ही गोष्ट ठाऊक नाही असेही नाही. गिरणगावात एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपत. कोकणातून आलेला तो पोर टिकला कशावर? गावकीच्या मंडळावर, खानावळीतल्या मावशीवर, शनिवारच्या भजनावर, गावाहून आलेल्या चिठ्ठीवर. त्या खोलीला घर म्हणायला एरवी काहीही कारण नव्हते. या आधाराला कुणी पदनाम दिले नाही, कारण तो तुटलेला नव्हता. जिथे तो राज्यकर्त्यांनी मुद्दाम तोडला, तिथे तो पुन्हा जोडणाऱ्यांना पदही द्यावे लागते आणि पगारही. तो पगार दरवर्षी नव्याने मागावा लागू नये.