बंद खोलीतला उजेड आणि गांजाचा कायदा

डोंगरकडा (जि. हिंगोली), खास प्रतिनिधी - कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा परिसरात पिकांना उजेडाची उणीव भासत नाही. पावसाळ्यातील ढगाळ दिवस वगळले, तर मराठवाड्याचे ऊन केळीला आणि हळदीला पुरून उरते. अशा प्रदेशात खोली बंद करून, दिवे लावून एखादे झाड वाढविण्याची कल्पना शेतकऱ्याला चमत्कारिक वाटेल. महानगरांतील सदनिकांमध्ये मात्र दिव्यांखाली गांजाची रोपे वाढविल्याची प्रकरणे पोलिसांच्या कारवाईत उघडकीस आली आहेत. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून ‘हायड्रोपोनिक’ गांजा जप्त केल्याच्या बातम्याही मुंबई विमानतळावरून गेल्या काही वर्षांत वारंवार येत आहेत. घरात गांजासाठी कोणता दिवा योग्य, हा प्रश्न त्यामुळे आता केवळ परदेशातला राहिलेला नाही. भारतात त्याचे उत्तर वनस्पतिशास्त्राआधी कायद्यात शोधावे लागते.

दिवा कशासाठी?

शेतीत कृत्रिम प्रकाश नवा नाही. डोंगरकड्याच्या शिवारात लागणाऱ्या ऊतिसंवर्धित केळीच्या रोपांचे बालपण प्रयोगशाळेतील दिव्यांखालीच जाते. शेवंतीचे उत्पादक हरितगृहात रात्री दिवे लावून दिवस कृत्रिमरीत्या लांबवितात आणि फुलोरा बाजाराच्या वेळेवर आणतात. दिवस लहान होऊ लागला की फुलणाऱ्या वनस्पतींच्या वर्गात शेवंती मोडते. गांजाही त्याच वर्गातला.

फरक हेतूचा आहे. शेवंतीचा दिवा बाजारभावासाठी असतो, ऊतिसंवर्धनाचा रोगमुक्त रोपांसाठी. भारतासारख्या देशात गांजावरचा दिवा मुख्यतः लपविण्यासाठी लागतो. या झाडाला आपल्याकडचे ऊन पुरेसे आहे. उघड्यावर त्याला लोकांची आणि पोलिसांची नजर तेवढी टाळता येत नाही. सूर्य फुकट देतो तो उजेड मग वीज जाळून विकत घ्यावा लागतो. अमेरिकी संशोधक इव्हान मिल्स यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंदिस्त जागेतील गांजाच्या लागवडीवर त्या देशाच्या एकूण विजेपैकी सुमारे १ टक्का वीज खर्च होत असल्याचा अंदाज मांडला होता. एलईडी दिव्यांनी हा खर्च कमी केला, संपविला नाही. रात्रपाळीच्या विजेवर केळीला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला ही उधळपट्टी समजावून सांगणे कठीण आहे.

एक झाडही गुन्हाच

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अर्थात एनडीपीएस कायद्याचे कलम ८ परवान्याविना गांजाच्या झाडाची लागवड करण्यास मनाई करते. कलम २० नुसार अशा लागवडीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या तरतुदीत झाडांची किमान संख्या दिलेली नाही. कुंडी, शेत, गच्ची वा बंद खोली असा भेदही नाही. ‘स्वतःपुरते एखादे झाड’ ही समजूत शहरी तरुणांत आढळते. कायद्यात तिला आधार नाही.

तयार गांजाच्या बाबतीत मात्र वजनाला महत्त्व आहे. १ किलोपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’, तर २० किलोपेक्षा अधिक ‘व्यापारी’ मानले जाते. अल्प प्रमाणासाठी १ वर्षापर्यंत शिक्षा आहे. व्यापारी प्रमाणासाठी किमान १० वर्षे सक्तमजुरी, शिवाय जामिनावर कलम ३७ च्या कठोर अटी.

शेतकरी आणि सदनिकाधारक यांच्यातील खरी विषमता इथे दिसते. कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. दिव्याखाली वाढविलेला माल वाळवून, निवडून काही ग्रॅममध्ये विकला जातो. हळदीच्या वा तुरीच्या आड लावलेली झाडे मुळासकट उपटली, की खोड, फांद्या, पाने आणि ओलावा यांसह वजन २० किलोंच्या पुढे सहज जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात आरोपीला जामीन देताना व्याख्येतील याच भेदावर बोट ठेवले होते. परंतु हा मुद्दा न्यायालयापुढे मांडणारा वकील गाठेपर्यंत गरीब आरोपीचे कित्येक महिने तुरुंगात गेलेले असतात. पंचनाम्याच्या वेळीच शेंडे वेगळे करून वजन नोंदविले, तर हा अन्याय मुळातच टळू शकेल.

गावाच्या माथी आणखी एक जबाबदारी आहे. आपल्या जमिनीतील बेकायदा लागवडीची माहिती तात्काळ देणे कलम ४६ नुसार जमीनधारकावर, तर कलम ४७ नुसार सरपंच, पंच आणि गावपातळीवरील अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. बटाईने शेत देऊन शहरात राहणाऱ्या मालकाने हे विसरू नये. घर भाड्याने देणाऱ्यासही धोका आहे. जागेचा असा वापर जाणीवपूर्वक होऊ देणे हा कलम २५ खाली गुन्हा ठरतो.

उजेड बाहेर पडतोच

बंद खोलीतला दिवा गुपित राखतो, हाही भ्रमच. उष्णता, सतत चालणारे पंखे, वास आणि फुगलेले वीजबिल यांतून तो बोलका होतो. अमेरिकेत १९९२ मध्ये ओरेगॉन राज्यातील एका घरातील दिव्यांची उष्णता तपास अधिकाऱ्यांनी उष्णतादर्शक यंत्राने रस्त्यावरून टिपली होती. २००१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मताने ही घराची झडतीच असल्याचे आणि तीसाठी वॉरंट आवश्यक असल्याचे ठरविले. आपल्याकडे कलम ४२ खाली अधिकाऱ्याला वॉरंटविना झडती घेता येते. मात्र मिळालेली माहिती लेखी नोंदवावी लागते आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत प्रवेश करायचा, तर त्याची कारणेही नमूद करावी लागतात. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले. त्यामुळे घरातील विजेचा वापर पाहून संशय घ्यावा काय, हा प्रश्न येथेही उद्या उभा राहू शकतो.

धोरणाचा प्रश्न

जगात चित्र बदलत आहे. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून देशपातळीवर घरटी ४ झाडांची मुभा दिली, तर जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला ३ झाडांची. थायलंडने २०२२ मध्ये निर्बंध उठविले आणि २०२५ मध्ये पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीची अट घातली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला अतिघातक पदार्थांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले, तेव्हा भारताने बाजूने मतदान केले होते. यापैकी कशानेही भारतातील घरगुती लागवड वैध होत नाही. टोरांटोत वा बर्लिनमध्ये राहणाऱ्या नातलगाचे अनुकरण पुण्यात केले, तर त्याचा शेवट कोठडीत होईल.

देशांतर्गत बदल वेगळ्या वाटेने चालला आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये कमी नशेच्या औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना दिला. हिमाचल प्रदेशाने २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासास मंजुरी दिली. सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये अन्य पिकांना भाव नसल्याचे सांगत दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. त्या अर्जाकडे प्रसिद्धीचा प्रकार म्हणून पाहणे सोपे होते. त्यामागचा भावाचा प्रश्न मात्र तसाच उरला.

औद्योगिक भांगेबाबत महाराष्ट्राने परवान्याचा विचार करावा की नाही, यावर मतभेद असू शकतात. विचार झालाच तर तो उघड्या शेतातील, मोजता येणाऱ्या पिकाचा व्हावा. तोवर दिव्यांची चौकशी करणाऱ्या शहरी तरुणाने एवढे लक्षात ठेवावे, की त्याच्या खोलीतील एका रोपाला आणि हळदीच्या आड सापडलेल्या वाफ्याला कायदा एकाच कलमाने मोजतो. त्या मोजमापाची सर्वांत जड किंमत मात्र ज्याला वकील परवडत नाही, तोच मोजतो.