दोन खर्पुड्या

पावसाळ्यांत रानभाज्यांचें कौतुक हल्लीं शहरांतूनही वाढलें आहे. आमच्या छत्रपति संभाजीनगरांत करटोलीं आलीं कीं सुना-लेकी आवर्जून घेतात, ही संतोषाचीच गोष्ट होय. परंतु फळ खुडणें निराळें आणि कंद उपटणें निराळें. म्हणून आज दोन खर्पुड्यांविषयीं लिहितों.

खर्पुडी म्हणजे कंदीलपुष्प. शास्त्रीय नांव सेरोपेजिया. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ ‘मेणाचें कारंजें’. फूल खालीं फुगीर, मध्यें नळी, आणि वर पांच पाकळ्यांचीं टोकें जुळून झालेला कंदील. नळींत खालीं वळलेले केस असतात. चिमुकली माशी गंधानें भुलून आंत उतरते, तों परतीची वाट बंद! पुढें केस सुकतात, माशी सुटते, आणि परागपुंज अंगावर घेऊन दुसऱ्या फुलांत पुन्हां सांपडते. (अनुभवानें शहाणें न होणारे प्राणी केवळ माशांतच असतात असें नाहीं.)

पहिली खर्पुडी सेरोपेजिया बल्बोसा. ही वेल दख्खनच्या कोरड्या माळांवर कुंपणाच्या आधारानें चढते. भारतांत इतरत्रही तिचा प्रसार मोठा आहे. दुसरी सेरोपेजिया लावी. ही वेल नव्हे, ताठ उभी राहते. हूकरनें १८८३ सालीं वर्णिलेली ही जाति सह्याद्रीबाहेर मिळत नाहीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हरिश्चंद्रगडाचे गवताळ उतार हें तिचें प्रसिद्ध ठिकाण. ती संकटग्रस्त गणली जाते.

कंद दोघींचेही खाद्य, आणि अनर्थाचें मूळ तेंच. पावसाळा सरला कीं वरचा भाग वाळतो व कंद जमिनींत जीव धरून राहतो. तो काढला कीं पुढील वर्षाचें रोप गेलें. बल्बोसा एका माळावरून गेली तरी दुसऱ्यावर उरते. लावीला दुसरा माळ कोठचा?

गुराखी पिढ्यान्‌पिढ्या हे कंद खात आले. त्यांस आम्ही बोल लावीत नाहीं. हौसेनें टोपली भरणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत डॉ. श्रीरंग यादव यांनीं दुर्मीळ कंदीलपुष्पें जोपासण्याचें मोठें कार्य केलें आहे. आपल्या प्रांतापुरतें पाहूं इच्छिणाऱ्यांसाठीं डॉ. व्ही. एन. नाईक यांचा १९९८ सालचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ आहे. घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलांनीं तो अवश्य चाळावा.

लावीच्या कंदास हात लावूं नये. बल्बोसाचा घ्यावयाचाच असेल तर शेंगा फुटूं द्याव्या. बियांस रेशमी केसांचा झुबका असतो. वारा त्यांस दूर नेतो.