एका वर्षाचा करार

परदेशातील नोकरीचे पत्र घरात आले की आनंदाच्या पाठोपाठ एक दबलेली भीतीही उंबरठा ओलांडून येते. आई देवापुढे साखर ठेवते, वडील पगाराचा आकडा पुन्हा पुन्हा वाचतात, आणि ज्याला जावयाचे असते तो रात्री जागा राहून विचार करीत असतो : हे काम आपल्याला झेपेल काय? वडीलधारी माणसे सांगतात, "देवावर भरवसा ठेव." पण हा भरवसा ठेवावयाचा म्हणजे नेमके काय करावयाचे, हे सहसा कोणी सांगत नाही.

गांधीजींनी आत्मकथेत १८९३ सालची जी हकीकत दिली आहे, ती या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. वय अवघे तेवीस. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले होते खरे. परंतु मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच दाव्यात उलटतपासणीस उभे राहिले तेव्हा डोके गरगरू लागले आणि तीस रुपये फी परत करून त्यांनी काम सोडले. राजकोटास अर्ज लिहून देण्यावर पोटापुरते मिळे. तेथेही एका गोऱ्या अधिकाऱ्याने शिपायाकरवी त्यांना बाहेर काढले होते. अशा दिवसांत पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला यांच्या पेढीकडून बोलावणे आले. दक्षिण आफ्रिकेत चाळीस हजार पौंडांचा दावा चालू होता. तेथील वकिलांना साह्य करावयाचे, मुदत एक वर्षाची. पहिल्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे, राहण्याजेवण्याचा खर्च आणि १०५ पौंड.

ही बॅरिस्टराची नेमणूक नव्हे, पेढीची चाकरी आहे, हे त्यांना कळत होते. तरी घासाघीस न करता त्यांनी ती पत्करली. आपणांस ईश्वरी आज्ञा झाली असे मात्र त्यांनी लिहिलेले नाही. कसेही करून हिंदुस्थानाबाहेर पडावयाचे होते, असे सरळ लिहिले आहे. त्यात ईश्वराची योजना दिसली ती पुढे, मागे वळून पाहताना. मला हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. आपण निर्णय आधी करतो आणि त्यावर देवाची मोहोर मागाहून उमटवू पाहतो!

पत्नी आणि दोन लहान मुले मागे ठेवून ते एप्रिलमध्ये निघाले व मेअखेर डर्बनला पोचले. लौकरच ध्यानात आले की दावा मुख्यत्वे हिशेबांचा आहे, आणि जमाखर्चाचे ज्ञान तर आपल्याला मुळीच नाही. कारकून अमुक नावे, अमुक जमा असे सांगत जाई आणि बॅरिस्टरसाहेबांचा गोंधळ वाढत जाई. कागदांत 'पी. नोट' असा शब्द येई. तो कोशातही सापडेना. अखेरीस त्यांनी कारकुनालाच विचारले, तेव्हा ती 'प्रॉमिसरी नोट' असल्याचे कळले. मग जमाखर्चाचे एक पुस्तक विकत घेऊन ते अभ्यासले. त्यानंतर कोठे थोडा धीर आला. माझ्या मते देवावरील भरवशाचे पहिले लक्षण हेच : आपले अज्ञान कारकुनापुढे उघडे करण्याची लाज न वाटणे. ज्याला सर्व भार आपल्याच प्रतिष्ठेवर तोलावयाचा असतो, त्याला असा प्रश्न विचारवत नाही.

पीटरमॅरिट्झबर्गच्या स्थानकावरील ती थंडीची रात्र सर्वांना ठाऊक आहे. परत जावे हा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आलाच होता. पण पत्करलेले काम टाकून पळणे हा भेकडपणा ठरेल, असे त्यांनी ठरविले.

प्रिटोरियास बेकर नावाचे वकील होते. त्यांच्याकडे दररोज दुपारी एक वाजता काही मंडळी गुडघे टेकून चार-पाच मिनिटे प्रार्थना करीत. गांधीजी तेथे जाऊ लागले आणि आपली धर्मश्रद्धाच अजून कच्ची आहे, हे त्यांना जाणवले. तेथील कोट्स या स्नेह्याने एके दिवशी त्यांच्या गळ्यातील तुळशीची कंठी पाहिली आणि ती अंधश्रद्धा म्हणून तोडावयास निघाला. कंठी आईने दिलेली. तिचा गूढार्थ आपल्याला ठाऊक नाही, ती नसली तर अनिष्ट होईल असेही वाटत नाही, परंतु प्रेमाने घातलेली वस्तू सबळ कारणावाचून तोडणार नाही. झिजून तुटली तर नवी घेणार नाही, असे त्यांनी सांगितले. परदेशी निघणाऱ्या मुलाच्या गळ्यात किंवा खिशात घरचे काहीतरी असतेच. ते त्याने कसे बाळगावे, याचे याहून समंजस उत्तर माझ्या वाचनात नाही.

दाव्याचे कागद वाचता वाचता त्यांना कळून आले की अशिलाची बाजू भक्कम आहे. पण असाच चालला तर दोन्ही नातलग व्यापारी धुळीस मिळतील. त्यांनी प्रकरण लवादाकडे नेले. दादा अब्दुल्ला जिंकले. प्रतिपक्षी तय्यब शेठ यांस सदतीस हजार पौंड व खर्च एकदम देणे अशक्य होते, म्हणून लांब मुदतीचे हप्ते ठरले. लवादास दोघांना राजी करण्यापेक्षा हे हप्ते मान्य करवून घेणेच गांधीजींना अधिक जड गेले.

करार एका वर्षाचा होता. दक्षिण आफ्रिका कायमची सोडावयास १९१४ साल उजाडले.