उतरंड कोणाच्या डोक्यावर?

क्लाउडवरून वाय-फाय चालवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा लॉगिन केलं, की ते तुम्हाला एक झाड काढायला लावतं. सगळ्यात वर संस्था, तिच्याखाली विभाग किंवा गट, त्याखाली शाखा, शाखेत इमारत, इमारतीत मजला, आणि सगळ्यात शेवटी छताला चिकटवलेला तो पांढरा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट. कंपनीगणिक शब्द बदलतात. कुणी 'ऑर्गनायझेशन आणि नेटवर्क' म्हणतं, कुणी 'ग्रुप आणि साइट', कुणी 'झोन'. झाड तेच. मूळ वर आणि पानं खाली.

वरच्या पातळीवर जे ठरेल ते खालच्याला आपोआप मिळतं. याला इनहेरिटन्स म्हणतात, म्हणजे वारसा. मला हा शब्द फसवा वाटतो. वारशात मिळालेलं घर माणसाला विकता येतं, पाडता येतं, निदान भिंतीला हवा तो रंग तरी देता येतो. इथे जे मिळतं ते भाड्याचं घर. खिळा ठोकायचा तरी मालकाला फोन करायचा, आणि मालक पुण्यात.

तो मालक मी आहे. गेली नऊ वर्षं मी एका शिक्षणसंस्थेचं वाय-फाय सांभाळतो. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिचा दोष कमी आणि माझा जास्त आहे. शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं मिळून ३१ ठिकाणं. त्यातली बरीच कोकणात आणि मराठवाड्यात. दोन वर्षांपूर्वी आम्ही हे सगळं एका झाडावर आणलं. 'प्रमाणीकरण' असं त्या प्रकल्पाचं नाव होतं आणि तो माझ्याच उत्साहातून निघाला होता.

त्याआधी प्रत्येक शाखेची सेटिंग्ज वेगळी होती. सिंधुदुर्गातल्या आमच्या महाविद्यालयाची तर फारच वेगळी. ती इमारत चिऱ्याची आहे. जांभ्याच्या हातभर जाडीच्या भिंती, आणि पावसाळ्यात तो चिरा पाणी पितो. रेडिओलहरींना पाणी प्यायलेल्या भिंतीइतका वाईट शेजारी नाही. तिथल्या संगणक प्रयोगशाळेला स्वतःचा ॲक्सेस पॉइंट नाही. व्हरांड्यातल्या डब्यावरच भागवायचं. प्रयोगशाळेत जुने डेस्कटॉप, त्यांना मागे यूएसबीचे वाय-फाय डोंगल, आणि त्या डोंगलना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. तिथल्या प्रयोगशाळा सहायकाने आणि मी दोन दिवस फोनवर बसून ते जुळवलं होतं. तो खुर्चीवर चढून डबा फिरवायचा, मी पॉवर कमी-जास्त करायचो, आणि तो सांगायचा, "सर, आता तीन नंबरच्या मशीनला आलं, सात नंबरचं गेलं." शेवटी सगळ्यांना आलं. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ते त्याच्या डोक्यात आणि त्या शाखेच्या सेटिंगमध्ये होतं.

मग साचा आला. शाखा साच्याला जोडताना सॉफ्टवेअरने मला रीतसर विचारलं होतं, की स्थानिक सेटिंग्ज पुसली जातील, पुढे जायचं का. अशा चौकटी दिवसातून वीस वेळा येतात. मी 'पुढे' दाबलं. पहिले काही महिने काही बिघडलं नाही, कारण साच्यातही दोन्ही बँड चालू होते आणि बाकीचं त्या सहायकाने डबा आणखी थोडा फिरवून निभावलं असावं. मग एका सल्लागाराचा अहवाल आला: २.४ बंद करा, सगळे पाचवर न्या, कमीत कमी वेग २४ मेगाबिट ठेवा, म्हणजे मंद उपकरणं हवा अडवणार नाहीत. काचेच्या भिंतींच्या ऑफिसात, नव्या लॅपटॉपवर, हा सल्ला अगदी बरोबर आहे. मी तो साच्याच्या मुळाशी लावला. एका सकाळी, अकराच्या सुमारास, ३१ ठिकाणी एकदम.

त्या दिवशी शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची शेवटची तारीख होती. मला माहीत नव्हतं. माझ्या झाडात तारखेला जागा नाही.

अकराच्या पुढे त्या प्रयोगशाळेतल्या एकाही डोंगलला आमच्या नेटवर्कचं नावसुद्धा दिसेना. माझ्या पडद्यावर मात्र त्या शाखेसमोर हिरवा ठिपका होता. हिरव्याचा अर्थ एवढाच, की डबा क्लाउडशी बोलतोय. त्याच्या खाली बसलेली मुलं कोणाशी बोलू शकतायत का, हे ठिपका सांगत नाही. सहायकाकडे खातं होतं, पण 'फक्त वाचण्यासाठी'. म्हणजे काय बिघडलंय हे तो पाहू शकत होता, हात लावू शकत नव्हता. त्याने तिकीट टाकलं. मग फोन केला. मी बैठकीत होतो, बैठक याच प्रकल्पाच्या यशाबद्दल होती. साडेचारला मी फोन घेतला तेव्हा तो म्हणाला, "सर, तुमच्याकडे हिरवं दिसत असेल. आमच्याकडे मुलं शेवटच्या एसटीने गेली." दुरुस्तीला मला चार मिनिटं लागली. किती अर्ज राहिले हे मी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, ही तुझी चूक. सॉफ्टवेअरचा काय संबंध? सॉफ्टवेअरमध्ये शाखेपुरता अपवाद करायची सोय असते, शाखांचे वेगळे गट करता येतात, बदल आधी एका ठिकाणी लावून पाहता येतो. खरं आहे, आणि यातलं एकही मी केलं नव्हतं. पण अपवाद या शब्दातच सगळी भूमिका आली. मुळातला निर्णय वरचा, आणि चिऱ्याची भिंत हा अपवाद! त्या इमारतीत बसणाऱ्याला भिंत हा अपवाद नाही, तीच वस्तुस्थिती आहे. पडद्यावर अपवादांपुढे नारिंगी खूण येते, महिनाअखेरच्या अहवालात 'साच्याशी न जुळणाऱ्या शाखा' म्हणून त्यांची यादी निघते, आणि माझ्यासारखा माणूस ती यादी शून्यावर आणणं हेच काम समजायला लागतो. कुणी सक्ती केलेली नसते. नारिंगी रंग पुरतो.

गंमत अशी, की ज्या माध्यमावर आपण ही श्रेणी लादतो ते माध्यम स्वभावानेच पाटील-कुलकर्णी न मानणारं आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले, त्याचं नाव अलोहानेट. त्यात बोलायची पाळी वाटून देणारा कुणी नव्हता. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही थोडं, आपापल्या मनाने थांबून, पुन्हा बोलावं. वाय-फाय त्याच कुळातलं. १९९७ च्या पहिल्या प्रमाणापासून नियम हाच, की आधी ऐका, हवा मोकळी असेल तर बोला. प्राचार्यांचा लॅपटॉप आणि शिपायाचा मोबाइल यांना हवेत बोलण्याचा मुळात सारखाच हक्क. (नंतर प्राधान्याच्या सोयी आल्या, आणि अलीकडच्या प्रमाणांत ॲक्सेस पॉइंटला थोडी पाळी वाटून देता येते, पण ती त्याच खोलीत बसून, समोर कोण आहे ते ऐकून. दोनशे कोसांवरून नव्हे.)

याहून बोचरी गोष्ट क्लाउड-वाय-फायच्याच जन्माची आहे. एमआयटीत रूफनेट नावाचा एक प्रयोग होता. केंब्रिज शहरातल्या लोकांनी आपल्या छपरांवर अँटेना लावायचे, आणि ते रेडिओ आपापसात वाट शोधून एकमेकांचं सामान पुढे पोचवायचे. नियोजन नाही, मुख्य कार्यालय नाही. त्या प्रयोगातल्या लोकांनी २००६ मध्ये मेराकी ही कंपनी काढली. २०१२ मध्ये सिस्कोने ती १.२ अब्ज डॉलरला विकत घेतली, आणि आज 'एका पडद्यावरून सगळी नेटवर्क' म्हटलं की पहिलं नाव तेच निघतं. शेजाऱ्यांच्या छपरांपासून निघालेली वाट डॅशबोर्डपाशी येऊन थांबली. यात कुणाचा कट नाही. एकमेकांना मदत करणारी छपरं विकता येत नाहीत, पडदा विकता येतो. आणि दरवर्षी नव्याने विकता येतो. परवान्याची मुदत संपली, की काही उत्पादनांत सवलतीचे दिवस जातात आणि मग भिंतीवरचा धडधाकट, पूर्ण पैसे मोजून घेतलेला डबा वाय-फाय देणंच थांबवतो.

केंद्रीकरणाच्या बाजूने जे बोललं जातं ते मी फेटाळत नाही. पूर्वी आमच्या अर्ध्या शाखांमध्ये राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता आणि उरलेल्यांत संस्थापकांचं जन्मवर्ष. एका वसतिगृहाच्या रेक्टरांनी तक्रारी नकोत म्हणून पासवर्डच काढून टाकला होता. ३१ ठिकाणी ३१ माहीतगार माणसं ठेवायला पैसा नाही. फर्मवेअरमधलं भोक एका रात्रीत सगळीकडे बुजवता येतं, हे मी स्वतः अनुभवलंय आणि त्या रात्री मला त्या झाडाचे आभारच मानावेसे वाटले.

पण यातून सिद्ध होतं ते एवढंच, की काही गोष्टी वर ठरवाव्यात. सगळ्याच ठरवाव्यात हे कुठून आलं? महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशी तीन पातळ्यांची व्यवस्था आहे. ती किती पोखरली गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण कागदावर तरी ग्रामपंचायतीचे अधिकार हे जिल्हा परिषदेच्या निर्णयाला 'अपवाद' म्हणून लिहिलेले नाहीत. ते तिचे आहेत. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये खालच्या पातळीला स्वतःचं म्हणून काही नाही. जे आहे ते वरच्याने अजून काढून घेतलेलं नाही इतकंच.

शिवाय केंद्र चुकत नाही, हा समज कशाच्या जोरावर? ३ ऑगस्ट २०१७ ला मेराकीच्या उत्तर अमेरिकेतल्या साठवणुकीवर एक चुकीचं धोरण लागू झालं आणि ग्राहकांनी चढवलेल्या कितीतरी फायली, इमारतींचे नकाशे, लॉगिनची पानं, बोधचिन्हं, पुसली गेली. नेटवर्कं चालू राहिली, हे नमूद केलं पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये युबिक्विटीच्या क्लाउडमध्ये १,२१६ खाती चुकून दुसऱ्याच १,१७७ खात्यांशी जोडली गेली आणि काही लोकांना परक्यांच्या कॅमेऱ्यांच्या सूचना येऊ लागल्या. या कंपन्या निष्काळजी आहेत असं मला म्हणायचं नाही. दोघींनीही झालेलं जाहीर केलं. मुळाशी झालेली चूक पानापानाला पोचते, इतकंच. माझी चूकही तशीच पोचली. त्या सहायकाने चूक केली असती तर एक प्रयोगशाळा बंद पडली असती, आणि ती त्याने तिथल्या तिथे सुरूही केली असती.

माझ्या आजीच्या घरी माजघरात मडक्यांची उतरंड होती. आपण 'हायरार्की'ला मराठीत हाच शब्द वापरतो, आणि तो जातींच्या संदर्भात वापरला गेल्यापासून त्यातला भार सगळ्यांना कळतो. उतरंडीत सगळ्यात मोठं मडकं तळाशी असतं. दाणा त्यात, वजन त्याच्यावर. वरच्या लोटक्यात चिल्लर. खालचं हललं तर सगळीच खाली येतात, म्हणून आजी वरची उतरवताना डावा हात खालच्यावर ठेवायची. माझ्या पडद्यावरच्या झाडात हे उलटं काढलेलं आहे आणि म्हणून ते पाहून माणसाची दृष्टीही उलटी होते. वाय-फाय पुण्यात नसतं. ते व्हरांड्यात असतं.

त्या दिवसानंतर मी झाड पाडलं नाही, पण पुन्हा काढलं. आधी ते संस्थेच्या तक्त्यावरून काढलं होतं: कोकण विभाग, मराठवाडा विभाग, शाळा, कॉलेज. रेडिओलहरींना विभागीय सचिव ठाऊक नसतो. आता गट भिंतींवरून आहेत: चिरा, दगड, वीट, आरसीसी, पत्रा. लातूरची पत्र्याची शाळा आणि रायगडातली पत्र्याची शाळा एका गटात. वर फक्त नेटवर्कचं नाव, लॉगिनची पद्धत, व्हीलॅन आणि फर्मवेअर ठेवलं. चॅनल, पॉवर, बँड, कमीत कमी वेग, हे सगळं शाखेचं. आणि शाखेतल्या एका माणसाला ते बदलायचा अधिकार. मी वरून केलेला कुठलाही बदल आधी पुण्याच्या कार्यालयाला लागतो, आठवडाभराने बाकीच्यांना. आमचा खोळंबा आधी झाला तर शिष्यवृत्त्या तरी वाचतील.

याची किंमत आहे. दोन शाखांत लोकांनी पॉवर शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवली, कारण जास्त म्हणजे चांगलं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि शेजारशेजारचे डबे एकमेकांवर ओरडायला लागले. मला फोन करून समजवावं लागलं. त्यात एक तास गेला. चार मिनिटांत वरून दाबता आलं असतं.

मागच्या महिन्यात परवान्यांच्या नूतनीकरणाआधी तपासणी झाली. तपासनिसाने विचारलं, बदल करण्याचा अधिकार किती जणांकडे आहे. मी म्हटलं, ३२. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि अहवालात लिहिलं, 'जोखीम: उच्च'. त्यावर खुलासा मागितलाय. मी सिंधुदुर्गला फोन करून त्या सहायकाला म्हटलं, खुलासा तुम्हीच लिहा, मी सही करतो. तो म्हणाला, "बघतो. आज प्रॅक्टिकलची बॅच आहे."